छत्रीतून आलेलं नाव

ग्रामपंचायतीच्या स्लॅबवर इंटरनेटची छत्री बसली, त्या दिवशी मी सेलूला आईला फोन करून सांगितलं, "आता आमच्या गावात पण नेट आलं." हा फोन मी टेकडीवर उभी राहून केला होता, कारण खाली गावात मोबाईलला रेंजच नाही.

आमचं गाव जिंतूर तालुक्यातल्या डोंगरात, अगदी खोलगट जागी आहे. सेलूहून निघालं की देवगाव फाट्यावर गाडी बदलायची, चारठाण्याला उतरायचं आणि तिथून जीपनं आत यायचं. चारठाणं मागं पडलं की रेंजच्या काड्या एकेक करून गळायला लागतात, आणि शेवटचं वळण उतरेपर्यंत हातातल्या फोनचं घड्याळ होतं. माझे मिस्टर इथल्या शाळेवर शिक्षक. लग्न होऊन मी इथं आले आणि वर्षभरात ग्रामपंचायतीत संगणक चालक म्हणून लागले. दाखले काढून द्यायचे, ऑनलाइन अर्ज भरायचे, हे माझं काम. आधी त्यासाठी गावभराची कागदं पिशवीत घालून चारठाण्याला जावं लागायचं.

छत्री म्हणजे उपग्रहाकडं तोंड करून बसवलेली तबकडी, टीव्हीच्या छत्रीपेक्षा चांगली दांडगी. बसवायला आलेल्या माणसानं समजावून सांगितलं की आपण इथं बटण दाबलं की निरोप वर उपग्रहापर्यंत जातो, तिथून खाली येतो, आणि उत्तरही त्याच वाटेनं परत येतं. "म्हणून थोडं स्लो वाटेल," तो म्हणाला.

ते 'थोडं' फार मोठं निघालं. एक पान उघडेपर्यंत माझी मेथीची जुडी निवडून व्हायची. पडद्यावर नुसतं गोल चाक फिरत राहायचं. गावानं त्याचं नाव भोवरा ठेवलं. बाहेर ओट्यावर बसलेला माणूस डोकं आत घालून विचारायचा, "म्याडम, थांबला का भोवरा?"

"फिरायलाय अजून."

मग तो शेतात एक चक्कर मारून यायचा. मला सुरुवातीला फार चिडचिड व्हायची. सेलूत वाढलेली मी, तिथं बोट लावलं की पान उघडतं. पण आमच्या ग्रामपंचायतीचे शिपाई मामा अगदी शांत. ते म्हणायचे, "ताई, त्या उपग्रहाला आपलंच एक गाव हाय का? आपला नंबर लागंल तवा लागंल. तवर च्या घ्या."

दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून टोळ्या कारखान्याकडं निघतात आणि गावात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुत्री उरतात. गेलेल्यांच्या फोनला तिकडं चांगली रेंज असते. मागं राहिलेल्यांना मात्र बोलायचं म्हटलं की टेकडी चढावी लागते. अंगणवाडीत मदतनीस असलेल्या अक्का दर आठवड्याला अशा चढायच्या. त्यांचं सासर-माहेर दोन्ही याच गावातलं, आणि पाठचा एकुलता एक भाऊ बायकोला घेऊन तोडीला गेलेला. अक्कांचा आवाज एवढा मोठा, की मिस्टर म्हणायचे, "त्यांना फोनची गरजच काय? टेकडीवरून नुसती हाक मारली तरी कारखान्यापर्यंत जाईल."

त्या वर्षी अक्कांचा गुडघा धरला. टेकडी बंद झाली. चारेक आठवडे त्यांनी कळ काढली आणि एका दुपारी लंगडत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "पोरी, तुझ्या छत्रीतून माझा भाऊ दिसतो म्हनं. दाखव मला."

मी व्हिडिओ कॉल लावला. भोवरा फिरला, फिरला, आणि ऊसतोडीच्या कोपीसमोर, म्हणजे पाचटाच्या झोपडीसमोर, उभा असलेला भाऊ पडद्यावर आला. अक्कांनी आधी पडद्याला हात जोडले, मग भावाला ओळखलं.

"कसा हायस रे?"

भाऊ नुसता बघत राहिला. प्रश्न अजून वाटेतच होता.

"आरं बोल की! मुका झालास का?"

तेवढ्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर येऊन पोचलं. "बरा हाय अक्का, तू कशी..." आणि बोलता बोलता त्याच्या कपाळाला आठी पडली, कारण दुसरा प्रश्न त्याला आत्ता ऐकू गेला. "मुका कामून व्हईन? बोलायलोय की!"

"मंग वरडायलास कामून?"

"म्या कुठं वरडायलोय? तूच..."

"न्हाई, तू बोल आधी."

"बोल तू."

"तू बोल म्हनलं ना!"

बहीण-भाऊ एकमेकांना बोल-बोल म्हणत राहिले आणि कॉल तुटला. अक्का माझ्याकडं वळल्या. त्यांचे डोळे भरले होते. "तिकडं जाऊन लय शिरजोर झालाय गं. बहिणीला धड उत्तर देईना."

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. मी त्यांना समजावलं की शब्द वर जाऊन खाली यायला वेळ लागतो, तो रागावलेला नाही. पुढच्या वेळी मी दोघांना एक नियम घालून दिला. आपलं बोलून झालं की 'झालं माझं' म्हणायचं, आणि समोरच्याचं 'झालं माझं' ऐकू येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. अक्कांना ते जमेना, म्हणून मामा त्यांच्या शेजारी हात वर करून उभे राहिले. हात खाली आला की बोलायचं. अक्का दातांखाली पदर धरून हात खाली यायची वाट बघायच्या. पण दोघं नीट बोलले. ज्वारी कशी आहे, गुडघा कसा आहे, म्हैस दूध देते का, सगळं झालं.

मग काय, तोडीला गेलेल्या घरांची रांगच लागली. दुपारचं माझं काम आटोपलं की ऑफिसात 'झालं माझं'चा गजर सुरू. त्या वर्षी ग्रामसभेतही एक म्हातारेबुवा पाण्याच्या टाकीवर बोलून खाली बसताना सवयीनं "झालं माझं" म्हणाले. सगळी सभा हसली, पण त्यांच्यानंतर उठलेला माणूसही तेच म्हणून बसला. मिस्टर म्हणाले, एवढी शांत ग्रामसभा त्यांनी आजवर बघितली नव्हती.

ऐन थंडीत अक्कांच्या भावजयीला तिकडंच, कारखान्याजवळच्या दवाखान्यात मुलगी झाली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि हे पहिलंच. अक्का बातमी ऐकून ऑफिसात नाचल्याच म्हणायच्या, गुडघा विसरून. पण लगेच त्यांच्या लक्षात आलं की बारसं तिकडंच होणार. हंगाम चालू होता, टोळी सोडून कोण येणार? आणि अक्कांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता.

"नाव आत्यानंच ठेवायचं असतं," त्या मला म्हणाल्या. "म्या कानात सांगितल्याबिगर त्या लेकराला नाव न्हाई. तुझ्या छत्रीला जमतंय का बघ."

मी म्हणाले, "जमेल की. तिकडं फोन बाळाच्या कानाशी धरायला सांगू. तुम्ही इथून सांगा."

बारशाच्या दिवशी सकाळपासून मी तयारीला लागले. छत्रीचा पासवर्ड सगळ्या गावाला पाठ झाला होता. ओट्यावर बसून कोणी सिनेमा बघायचं, कोणी क्रिकेट, आणि आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक व्हायची. मी सकाळीच पासवर्ड बदलून टाकला. बाहेर बोंबाबोंब झाली. मिस्टरसुद्धा शाळेची माहिती भरायला आले आणि पासवर्ड मागायला लागले. मी त्यांनाही दिला नाही. "बारसं झाल्यावर या," म्हटलं. ते घुगऱ्या कधी मिळणार ते विचारून परत गेले.

दुपारी बायका आल्या. अक्कांनी कुठून तरी जुना पाळणा आणून ऑफिसातल्या कपाटाला आणि खिडकीच्या गजाला दोरीनं टांगला. बाळ तिकडं असलं म्हणून काय झालं, इथला पाळणा रिकामा कसा ठेवायचा? मग वरवंट्याला टोपरं घातलं, काजळ लावलं आणि तोच पाळण्यात निजवला. सरपंचांच्या खुर्चीवर घुगऱ्यांचं पातेलं ठेवलं. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत बायकांनी वरवंटा पाळण्याखालून वरून फिरवला आणि मी कॉल लावायला घेतला.

भोवरा फिरायला लागला आणि फिरतच राहिला. आभाळ निरभ्र होतं, वीज होती, पासवर्ड फक्त मला माहीत होता. तरी लागेना. अक्कांचा चेहरा उतरत चालला. तेवढ्यात वर स्लॅबवर काहीतरी धपकन वाजलं. मामा बाहेर जाऊन वर बघून आले आणि म्हणाले, "ताई, छत्रीपुढं वानर बसलंय."

आम्ही सगळ्या बाहेर धावलो. चांगलं धिप्पाड वानर छत्रीच्या पुढच्या दांडीवर बसून निवांत अंग खाजवत होतं. मामांनी काठी आपटली, बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्यानं आमच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. शेवटी अक्का पुढं झाल्या, कमरेवर हात ठेवले आणि ओरडल्या, "उठ मेल्या! माझ्या भाचीचं बारसं हाय!" त्या आवाजानं वानरच काय, शेजारच्या लिंबावरचे कावळेसुद्धा उडाले.

कॉल लागला. पडद्यावर कोपीपुढं टोळीतल्या बायका दिसल्या, मधे भावजय, तिच्या मांडीवर लाल दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. चित्र तुकड्या-तुकड्यांत येत होतं. आधी बाळाचं कपाळ दिसलं, मग बऱ्याच वेळानं हनुवटी. अक्कांनी पडद्यावरच्या त्या तुकड्यांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या मायसारखी दिसायलीय."

भावानं फोन बाळाच्या कानाशी नेला. मामांनी हात खाली केला. अक्का पडद्याला गाल लावून म्हणाल्या, "कुर्रर्रर्र..." आणि त्यांनी नाव घेतलं. नेमक्या त्याच वेळी रिवाजाप्रमाणे इथल्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. मग पलीकडून टाळ्या, हसणं, कोणीतरी हातात साखर नाचवताना दिसलं आणि चित्र तिथंच गोठलं. पण काम झालं होतं. आम्ही पोट भरून घुगऱ्या खाल्ल्या. मी जुना पासवर्ड परत सुरू केला आणि क्रिकेटवाल्यांनाही घुगऱ्या मिळाल्या.

पुढच्या आठवड्यात अक्का पुन्हा कॉलला बसल्या. पलीकडं भावजय बाळाला हाका मारत होती. अक्कांनी कान टवकारले.

"ही कोनाला हाक मारायलीय?"

भाऊ म्हणाला, "पोरीला की. झालं माझं."

"हे कसलं नाव? हे कोनी ठेवलं?"

उत्तर यायला वेळ लागला. "तूच ठेवलंस की अक्का!"

तेव्हा सगळा उलगडा झाला. अक्कांनी मोठ्या हौसेनं तीन अक्षरी नाव निवडलं होतं, त्यांच्या आईचं. त्यातलं पहिलं अक्षर वाटेत गळालं होतं. तिकडं पोचली ती शेवटची दोन. टोळीतल्या बायकांना ते नाव नवीन आणि झकास वाटलं आणि त्यांनी लगेच पाळणाही म्हटला. अक्षर उपग्रहानं खाल्लं की बुक्क्यांच्या आवाजात बुडालं, देव जाणे. नाव मी इथं लिहीत नाही. पोरगी मोठी झाली की स्वतःच सांगेल.

अक्का तरातरा उठून गेल्या. पुढं कितीतरी दिवस त्या ऑफिसकडं फिरकल्या नाहीत. मी अंगणवाडीत गेले तर मला म्हणाल्या, "माझ्या मायचं नाव तोडलं तुझ्या छत्रीनं." मला फार वाईट वाटलं. भाऊही कॉलवर मला विचारायचा, "म्याडम, अक्का लय नाराज हाय का?"

हंगाम संपला. ट्रॅक्टर वेशीतून आत आले तेव्हा अक्का सगळ्यांत पुढं उभ्या होत्या. भावजय खाली उतरायच्या आधीच त्यांनी बाळ ओढून घेतलं, बाजूला नेलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन पूर्ण तीन अक्षरी नाव घेतलं, सावकाश, एकेक अक्षर. बाळानं त्यांच्या कानातली बुगडी ओढली. अक्कांनी पुन्हा नाव घेतलं. बाळ ट्रॅक्टरकडं बघायला लागलं. तेवढ्यात भावजयीनं ट्रॉलीतून भांडी उतरवता उतरवता सहज दोन अक्षरी हाक मारली, आणि पोरगी मान वळवून खुदकन हसली. बोळकं तोंड, खळी पडलेली.

आम्ही सगळे अक्कांच्या तोंडाकडं बघत होतो. भाऊ तर खाली मान घालून उभा. अक्कांनी पोरीकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, आणि स्वतःही हसल्या. "जाऊ द्या. वरून आलेलं नाव हाय. त्याला आपन कोन बदलनार?"

मग पोरीला कडेवर घेऊन त्या गल्लीत शिरल्या. गुडघ्यामुळं हळू चालत होत्या, पण एक घर सोडलं नाही. प्रत्येक दारासमोर थांबायच्या, कडी वाजवायच्या आणि ठणठणीत आवाजात पोरीचं ते दोन अक्षरी नाव घेऊन सांगायच्या, "बघा, आली. नाव म्याच ठेवलंय हिचं."