सोमनाथचा नवा जन्म

सोमनाथ बजाजनगरात भाड्याच्या खोलीत राहायचा आणि वाळूजच्या एका कारखान्यात राबायचा. दारूनं त्याची पार माती केली होती. मग एका सोबत्यानं त्याला रविवारच्या प्रार्थनेला नेलं, आणि बघता बघता माणूस सुधारला. जायकवाडीच्या गार पाण्यात पास्टर सुयश यांनी त्याला बाप्तिस्मा दिला, तेव्हा तो हुंदके देत बाहेर आला. जुना सोमनाथ मेला, आता हा नवा, असं सगळे म्हणाले. त्यालाही ते मनापासून पटलं. आणि दारू खरंच सुटली, त्यात काही खोटं नाही.

एक गोष्ट मात्र आत सलत होती. पिण्याच्या नादात त्यानं आईची बोरमाळ चोरून विकली होती. आईनं, साळूबाईनं, आळ घेतला थोरल्या सुनेवर, विधवा कडूबाईवर, आणि तिला घराबाहेर काढलं. त्या वेळी हा गडी ओट्यावर बसून सगळं मुकाट ऐकत होता. कडूबाई गंगापूरकडं माहेरी गेली ती कायमचीच.

हे त्यानं पास्टरांना दार लावून, एकट्याला सांगितलं. "मायला मी सवताच सांगनार. तवर कुनाला बोलू नका," म्हणून हात जोडले. पास्टरांनी शब्द दिला.

पण सांगायला धीर कुठून आणायचा? शेवटी त्यानं ठरवलं, एका रविवारी आईला गावाहून प्रार्थनेला आणायचं. आपण किती बदललो ते आधी तिला दिसू दे, मग घरी जेवणं झाली की तिचे पाय धरायचे. साळूबाई आढेवेढे घेत आली. पोरगं पीत नाही एवढ्यावर ती कुठल्याही देवापुढं हात जोडायला तयार होती.

या मंडळीत साक्ष द्यायची रीत आहे. ज्याचं आयुष्य पालटलं त्यानं चारचौघांत उभं राहून ते सांगायचं. पास्टर एकदा रंगात आले की त्यांना आवरणं कठीण. त्यांनी सोमनाथला पुढं बोलावलं, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि माइकवर स्वतःच सुरू झाले, "या भावानं सख्ख्या आईची बोरमाळ चोरली! आळ आला बिचाऱ्या विधवा भावजयीवर! आणि आज बघा, प्रभूनं याला नवा माणूस केला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी हालेलुया म्हणालं, कुणी डोळे पुसले.

"तुमाला एकट्याला सांगितलं व्हतं," सोमनाथ कसाबसा म्हणाला.

"अरे, तुझ्यामुळं किती जण वाचतील बघ," पास्टर त्याच्या कानात म्हणाले आणि हसले. वर हसले! सोमनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. चोरी त्याची होती, तशी कबुलीही त्याचीच होती, आणि ती या माणसानं दिवसाढवळ्या लुटली होती.

साळूबाई उठून चालू लागली. त्यानं तिला जिन्यात गाठलं.

"माय, मीच सांगनार व्हतो गं. त्यांनी दगा दिला मला."

"तुला दगा?" साळूबाई थांबली. "आन् माझ्या तोंडानं त्या गरीब सुनेला चोर म्हनवलं, ते काय व्हतं रं?"

"मी तो राह्यलो नाय आता. नवा जन्म झालाय माझा. देवानं माफ केलंय मला."

साळूबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लई चांगलं झालं. तू बस हितंच," ती म्हणाली. "त्या जुन्या सोम्याला तेवढं धाड माझ्यासंगं. त्याला कडूबाईच्या दारात उभा करायचाय मला."