घणाबाईची भिंत

घणाबाईला हळू असं काही करताच येत नसे. कप आपटायची, कपाट धाडकन लावायची आणि परदेशातल्या, वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटच्या भिंतीवर बुक्की मारून कान लावायची. “काकू, मेलेली आहे ही. नुसतं काँक्रीट. श्वासच घेत नाही!” कऱ्हाडची ही पोरगी इथल्या विद्यापीठात जुन्या चुन्यावर संशोधन करायची आणि माझ्या मुलाच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत भाड्याने राहायची. घणाबाई हे नाव मीच ठेवलं होतं. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा साठीची, नातवाला सांभाळायला आलेली आणि परक्या कुणी ‘आजी’ म्हटलं की दोन दिवस गाल फुगवून बसणारी. तितकी मूर्ख बाई मी नंतर पाहिली नाही.

शिकायला वेल्समध्ये असताना घणाबाई समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या घरांच्या एका रांगेत राहिली होती. जुनी, तिमजली, चिंचोळी घरं. दोन घरांत मिळून एकच भिंत, पुढे पोट काढलेल्या खिडक्या, वर पाटीच्या दगडाचं छप्पर. “हिवाळ्यात लाटा रस्ता ओलांडून काचांवर दगड फेकतात, काकू. दर वर्षी मार खातं ते घर. पण चुन्याची भिंत पाणी पिते नि वाऱ्यावर वाळते, म्हणून टिकलं.” मग कुणीतरी पुढच्या भिंतीला सिमेंट फासलं. पाणी आत कोंडलं, एका वादळात भिंत फुगली आणि नगरपालिकेने घर पाडायचा हुकूम काढला. मालकीण ऐंशीची, दुसरं छप्पर नाही. आतला चुना अजून धड आहे हे महिन्याभरात सिद्ध झालं, तर नुसतं सिमेंट उतरवून भागणार होतं. त्यासाठी घणाबाईने त्या भिंतीच्या चुन्याची तीन ढेकळं इथे तपासायला आणली होती.

ती तिने ओट्यावर ठेवली. काळी, बुरसटलेली, सडक्या मासळीच्या वासाची. मी तेव्हा बेसिनपासून नातवाच्या बुटांपर्यंत सगळं व्हिनेगरने धुवायची. तीही घातली भिजत. पातेलं फसफसायला लागलं.

“आजी, सो मेनी बबल्स लाह!” इथल्या पोरांच्या हेलात ओरडत नातू नाचला.

“बघ कसा मळ निघतोय!” म्हणत मी उरलेली बाटली ओतली. संध्याकाळी चुना पार विरघळलेला, तळाशी नुसती वाळू.

घणाबाईने पातेलं भिंतीवर फेकलं. मग खुर्ची. मग मूठ आरशात घातली. फरशीवर रक्त टपटपलं तशी मी बाथरूममध्ये पळाले.

“बाहेर या, काकू! म्हातारीचं घर पाडलंत तुम्ही!”

“अगं, स्वच्छच केलं ना!” मी आतून म्हणाले. हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी बँडेज बांधलेल्या हाताने ती वेल्सला गेली. त्या भिंतीला टेकू लावून कुंपण घातलं होतं. हात लावायला बंदी. ती कुंपण चढून आत शिरली आणि छिन्नीने चुना खोदू लागली. वरचा दगड सुटला. उजव्या हाताची दोन बोटं चिरडली. ढेकळं डाव्या मुठीत घेऊन ती ॲम्ब्युलन्समध्ये चढली. तपासणी झाली, हुकूम मागे घेतला गेला. ती तिकडेच राहिली.

फोन करायचा धीर मला सहा महिन्यांनी झाला.

“बोटं?”

“गेली.”

“घर?”

“त्यातूनच बोलतेय.”

मी रडायला लागले.

“रडू नका. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, जाणारही नाही,” ती म्हणाली. “पण रविवारी फोन करत जा. इथे मराठीत शिव्या द्यायला कुणी नाही.”

तेव्हापासून एकही रविवार मी चुकवलेला नाही.