चेंजिंग रूममध्ये घेतलेली शपथ

वॉटर पार्कच्या चेंजिंग रूममध्ये सुरेखानं माझा हात धरला आणि सरळ स्वतःच्या छातीवर ठेवला.

"लागती का हाताला?"

लागली. सुपारीएवढी. टणक.

बाहेर डीजे वाजत होता. आमची पोरं दार बडवत होती, "आई, चल ना लवकर!"

आज सुरेखाला जाऊन वर्ष झालं.

आम्ही दोघी दौंडकडच्या. पाचवीपासून एका बाकावर. लग्नं होऊन दोघीही तळेगाव ढमढेऱ्यातच आलो, हा निव्वळ योगायोग. ती शेतकऱ्याच्या घरात पडली. झेंडू, भाजीपाला, नऊ माणसांचं खटलं. मी सणसवाडीला कंपनीत, क्वालिटीला. तिच्या नवऱ्याला मी दाजी म्हणते.

त्या दिवसाची ट्रिप तिनंच ठरवली होती. आमची दोन घरं, शिवाय दाजींचे एक मित्र, सहकुटुंब. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून पार्किंगमध्येच डिकी उघडून चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सगळ्यात जास्त तीच हसत होती.

आणि मग ही चेंजिंग रूम.

"कधीपासून आहे?"

"संक्रांतीपासून."

"दाजींना सांगितलंस?"

"न्हाई. आन् तूबी सांगायचं न्हाई."

तिची आई याच आजारानं गेली. आम्ही नववीत होतो तेव्हा. मी त्या घरी रडायला गेले होते.

"लोक म्हणत्याल रक्तातच हाय. मग माझ्या प्राचीला कोण करील?"

प्राची तिची मुलगी. तेव्हा अकरावीत होती.

"अगं, आता कोण बघतं असलं?"

"आपल्यात बघत्यात. तुला ठावं न्हाई व्हय? ओमची शपथ घे."

ओम माझा एकुलता एक. म्हटलं, असली शपथ मी घेणार नाही.

तिनं दाराला पाठ लावली. "मग मीबी हितनं हालत न्हाई."

दार बाहेरून धडधडत होतं. ती रडत नव्हती, नुसती बघत होती.

मी शपथ घेतली.

पुढचे पाच तास आम्ही पाण्यात होतो.

भोंगा वाजला की वेव्ह पूलमध्ये लाटा सुटायच्या. सगळे किंचाळायचे. तीसुद्धा. मी तिच्या शेजारी ट्यूबमध्ये बसलेली. बाहेर पडावं तरी कुठं जाणार? गाडीची किल्ली दाजींकडे आणि तोंडाला कुलूप.

दाजी पोरांसारखे भिजले होते. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, तोंड का उतरलंय? पाण्याचं भ्या वाटतं व्हय?"

म्हटलं, "हो दाजी."

त्यांच्या मागं सुरेखा उभी होती. एकटक माझ्याकडे बघत. मी पुढं काही बोलत नाही अशी खात्री झाल्यावर तिनं प्राचीचा हात धरला आणि सगळ्यात उंच स्लाइडच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

नंतर दर भेटीत मी तिच्या मागं लागायचे.

"दिराचं लग्न होऊ दे."

लग्न झालं.

"झेंडूचा सीझन उरकू दे."

मी शिरूरला लेडी डॉक्टरकडे नंबर लावला. माझ्या कंबरेचं निमित्त. सोबतीला तिला न्यायचं, आत गेल्यावर तिलाच तपासायला लावायचं. स्टँडवर दोन जीपा सोडल्या. ती आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, "तोडणीला बायका आल्यात गं. पुढच्या आठवड्यात जाऊ."

एकदा दाजींना व्हॉट्सअॅपवर लिहिलं, "दाजी, सुरेखाबद्दल एक बोलायचं होतं."

पाठवायच्या आत शाळेतून फोन आला. ओमला ताप आहे, घेऊन जा.

मी डिप्लोमा केलेली बाई. ताप का येतो ते मला कळतं.

तरी मेसेज खोडला.

ट्रिपनंतर पाच महिन्यांनी तिचा हात सुजला, तेव्हा घरात कळलं. मग पुण्याच्या वाऱ्या. केमो. दाजींनी काही कमी केलं नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, "लवकर आणायला हवं होतं."

तेराव्याला दाजी माझ्यासमोर येऊन बसले.

"ताई, तुमी तिच्या लहानपणच्या. तुमाला तरी कवा काय बोलली व्हती का?"

मी म्हटलं, "नाही दाजी."

त्यांनी मान हलवली. "तुमालाच न्हाई बोलली, मग आमाला कशी बोलंल."

माझ्या त्या 'नाही'चा त्यांना आधार झाला. वर्षभर ते येईल त्याला हेच सांगत होते. आणि दर वेळी मी तिथं बसलेली असायचे, मान खाली घालून.

आज वर्षश्राद्धाला गेले. पानं वाढायच्या आधी दाजींना बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. चेंजिंग रूम, शपथ, खोडलेला मेसेज. तेराव्याचं खोटंसुद्धा.



ते म्हणाले, "मला आता तुमच्याशी बोलायचं न्हाई ताई." आणि मळ्याकडे निघून गेले.

त्यांचं बरोबर आहे.

मी चपला घालत होते. प्राची पाठोपाठ आली. तिनं ऐकलं होतं.

"आईनं माझ्यासाठी लपवलं?"

मला 'हो' म्हणवेना. पण आज आणखी एक खोटं बोलायचं नव्हतं.

"हो बाळा."

ती पायरीवर बसली. खूप रडली. मी शेजारी बसून राहिले.

मग ओढणीनं तोंड पुसून म्हणाली, "मावशी, मला तपासायला कवा न्यायचं?"

"सोमवारी. मी सुट्टी टाकते."

"आन् हे सगळं लिहा तुमी. आईला काय झालं व्हतं ते नाव घेऊन लिहा. ज्याला मला करायचं त्यो करील, न्हाईतर न करील."

म्हणून लिहिते. माझ्या मैत्रिणीला स्तनाचा कॅन्सर होता. तिच्या आईलाही होता.

सुरेखा, तुझ्या लेकीनं मला मोकळं केलं. तुला मी वेळेवर मोकळं करू शकले नाही.

माफ कर. निवांत झोप आता, बाई.