खंडेनवमीची गिटार

गिटारच्या सहाही तारांना गोडेतेल लावलेलं होतं. चांगलं चोळून, पार खुंट्यांपर्यंत. वर हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. दुपारचे दोन वाजले होते आणि संध्याकाळी सातला बीडच्या नवरात्र मंडळात माझा स्टेजवरचा पहिला प्रोग्राम होता.

खंडेनवमीला ज्याच्यावर पोट चालतं ती हत्यारं पूजेला मांडतात. एकदा मांडली की दसरा उजाडेपर्यंत वापरायची नाहीत. पाटोद्यात आमचं हार्डवेअरचं दुकान. आप्पा, म्हणजे माझे वडील, तराजू, पाने, करवती सगळ्यांवर तेलाचा हात फिरवून मांडायचे.

तोंडातून निघालं ते नको तेच. "आप्पा, अक्कल गहाण टाकली का तुमी? वाटोळं केलं माजं!"

"कावून वरडायलास?" आप्पा म्हणाले. "गंज चढायलता तारांवर."

वाटोळं कसं, ते सांगतो. मी वाजवतो ते ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं. आठ वर्षांपूर्वी गावात नुकतंच केबल आलं होतं, तिथं ते कानावर पडलं. मग कॅसेटी लावून लावून शिकलो आणि त्यात आपल्या गोंधळाच्या चाली मिसळल्या. यात बोटानं तार दाबून वर ओढतात. त्याला बेंड म्हणतात. तार तेलकट असली की बोट सटकतं आणि सूर गेलाच. तारांचा नवा सेट औरंगाबादशिवाय मिळत नव्हता.

ऑर्केस्ट्राचे मालक जोगदंडसाहेब मला ऐकून टूरसाठी कायमचं घेणार होते. नाहीच जमलं तर दसऱ्यापासून दुकानात बसेन, असं मीच आप्पांना कबूल केलं होतं. साहेबांना फोन लावला.

"साहेब, तारा खराब झाल्यात. उद्या वाजवलं तर?"

"उद्या विसर्जन आहे. येताय का दुसरा बघू?"

"येतो."

फोन ठेवला आणि तेव्हा कुठं पूजेकडे नीट बघितलं. गिटार तराजूच्या शेजारी होती, अगदी मधोमध. आठ वर्षं तिला 'टुणटुणं' म्हणणाऱ्या माणसानं ती पोटाच्या हत्यारांत धरली होती. तेलापेक्षा हा धक्का मोठा होता.

"आप्पा, आता उचलायची कशी?"

पूजेतला साधा स्क्रू-ड्रायव्हरही कुणाला उचलू न देणारा हा माणूस. त्यांनी गिटारवर अक्षता टाकल्या आणि ती जागची जराशी हलवली. पूजा आटोपली असं सांगायची ती रीत. "झाली तुज्या हत्याराची पूजा. जा."

मी गिटार उचलली. मग पान्यांच्या सेटमधलं एक सॉकेट दिसलं. नट खोलायची आखूड पोलादी नळी.

"ह्ये पण द्या."

काही न विचारता त्यांनी त्यावरही अक्षता टाकल्या.

अशी नळी बोटात घालून तारांवरून नुसती फिरवायची, याला स्लाइड म्हणतात. तार दाबावी लागत नाही की ओढावी लागत नाही. आजवर ते मी गंमत म्हणूनच करायचो. बीडला जाताना मांजरसुंब्यापर्यंत एसटीत टॉवेलानं तारा पुसत गेलो. तेल काही पुरतं निघालं नाही.

स्टेजवर अर्धा तास फक्त स्लाइड. पहिली चाल संपली तरी समोर चिडीचूप. गेलं, म्हटलं. आणि एकदम अख्खा मंडप ओरडला, "परत! परत!" मी इतका दचकलो की सॉकेटच बोटातून पडलं.

"कुठं शिकलात हे?" जोगदंडसाहेबांनी विचारलं.

"आजच, साहेब."

त्यांना ती थट्टा वाटली. कोजागिरीपासून टूरवर या म्हणाले. घरी येऊन आप्पांना सांगितलं.

"मंग दरसाली लावू तेल," ते म्हणाले.

ओरडलो त्याची माफी मागायची राहिली, आणि आप्पा गेल्यावर ती कायमचीच. आता मी गिटार शिकवतो. पहिल्याच दिवशी सांगतो, तारांना तेल लावायचं नाही. वडिलांनी लावलंच, तर तोंड उघडण्याआधी गिटार कशाशेजारी मांडलीय ते बघायचं.