सुट्टीचा गोड भोंगा

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांना सुट्टीचा भोंगा नवा हवा होता. माझी ताई तिथेच टॉवेलच्या कडा शिवते, तिच्या ओळखीनं काम माझ्याकडे आलं. "पाहुणे येतात हो, जुना भोंगा फार अंगावर येतो. काहीतरी गोड करा," मालक म्हणाले.

जुळे सोलापुरातल्या माझ्या खोलीत, लॅपटॉपवरच्या सिंथेसायझरवर मी तो आवाज घडवला. फिल्टर खाली ओढून त्याची धार बोथट केली. एन्व्हलपमधला अटॅक वाढवला, म्हणजे आवाज दाणकन न येता हळूहळू भरत जातो. मालक ऐकून म्हणाले, "अजून मऊ." केला. "अजून." शेवटी तो गार पिठल्यासारखा गिळगिळीत झाला. "वा! याला म्हणतात संगीत." किळस मला तेव्हाच आली होती, पण ती फक्त आवाजाची.

काही दिवसांतच ताईची संध्याकाळची बस चुकायला लागली. तिची लहान मुलगी शेजारणीकडे असते, आणि उशीर झाला की शेजारीण तोंड वाकडं करते. ताईला विचारलं, भोंगा झाल्या झाल्या निघत का नाहीस?

"कसला भोंगा? मागाच्या आवाजात काय बी ऐकू येत न्हाय. मोबाइल गेटवर जमा. सुपरवायझर यून सांगतो तवा उठायचं. आदी उठलं की बोलणी हायतच की."

मी तडक मालकांकडे गेलो. वाटलं, बिचाऱ्यांच्या लक्षात आलं नसेल. "माझ्या केबिनमध्ये तर स्पष्ट ऐकू येतो," ते म्हणाले, आणि हसले. त्या हसण्यात सगळं आलं. बायकांनी वेळेवर उठू नये म्हणून माझ्याकडून एकेक बटण फिरवून घेतलं, आणि वर संगीत म्हणतो हा माणूस! शी! त्यांनी पुढे केलेला चहा मी तसाच ठेवला. ओरडलो मात्र नाही. ताईनं हात जोडून सांगितलं होतं, "भांडू नगंस, माजं काम जाईल."

घरी येऊन फिल्टर सताड उघडला, अटॅक शून्यावर आणला. मागांच्या खडखडाटातूनही थेट कानात घुसेल असा कर्कश आवाज काढला आणि सुट्टीचा सुधारित भोंगा म्हणून पाठवून दिला.

लगेच मालकांचा फोन. खूश होते.

"एक नंबर! हा सकाळी कामावर बोलवायला लावतो. सुट्टीला तो मऊच राहू दे, छान जमलाय."