जयवंताचं गाऱ्हाणं

आमच्या लालबागच्या चाळीत गणपतीला गाऱ्हाणं घालायचा मान जयवंता परबचा. कुरियर कंपनीत कारकून, एरवी चार शब्द बोलायचा नाही. पण मूर्तीसमोर उभा राहिला की खोलीखोलीची अडचण मालवणीतून खणखणीत सांगायचा आणि आम्ही प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचो. त्यासाठी आदल्या दिवशी तो दारोदार फिरून विचारायचा, ‘देवाक काय सांगू?’ देवाला काय कळायचं ते कळो, चाळीला मात्र एकमेकांचं कळायचं.

मग त्याच्या फोनमध्ये ते एआय आलं. आधी दोन शब्द सजवायला, पुढे अख्खं गाऱ्हाणंच तिथून. भाषा अशी गुळगुळीत की आम्ही मूर्खांनी टाळ्या वाजवल्या. दारोदार फिरणं आपोआप सुटलं.

गेल्या वर्षीही त्याने फोनवरून वाचलं. आरोग्य, सुख, भरभराट, काही म्हणून राहिलं नव्हतं. आम्हीही शिऱ्याच्या पातेल्याकडे बघत ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतो. संपलं तरी नलूवैनीने जोडलेले हात सोडले नाहीत. म्हणाली, ‘जयवंता, आमच्या ह्यांचा नाव इला नाय.’

तिचा नवरा दीपक पंधरा दिवस इस्पितळात होता. जयवंताच्या खोलीपासून तिसरं दार, आणि त्याला पत्ता नव्हता.

त्याचा चेहरा पार उतरला. अंगठा पुन्हा फोनवर गेला आणि थांबला. फोन खिशात टाकून तो देवाकडे वळला. एके काळी पाव तास न अडखळता बोलणारा माणूस, पण त्याला शब्द सापडेना. मला त्याचा आलेला राग तिथेच गेला. शेवटी तो एवढंच म्हणाला, ‘म्हाराजा, दीपकाक घराक घेवन ये.’

‘व्हय म्हाराजा!’ इतक्या मोठ्याने आम्ही कधीच म्हटलं नव्हतं.

दीपक घरी आला नाही. जयवंताला कुणी बोल लावला नाही, त्याने स्वतःच लावून घेतला. यंदा आदल्या दिवशी तो फोन घरी ठेवून निघाला आणि पहिला नलूवैनीच्या दारात उभा राहिला.

‘वैनी, देवाक काय सांगू?’

तिने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘गेल्या वर्साक इचारूक व्हया होता.’

तरी तिने खुर्ची पुढे सरकवली. जयवंता बसला.