त्याच्याकडे झुकलेले खांब

एकठोक हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तरुणपणी फुशारकी मारताना तो बोलून गेला होता की आपला खांब एका ठोक्यात जमिनीत जातो. जात कसला! घाम निघेपर्यंत घाव घालावे लागत. पण नाव पडलं ते पडलं, आणि त्यालाही ते आवडत असावं, कारण कोणी त्या नावानं हाक मारली की गडी छाती पुढे काढूनच वळायचा.

धंदा कुंपणाचा. कुरण असो की गोदामाचं आवार, तार ओढायची म्हणजे आधी खांब ठोकायचे. घण त्याचा, आणि खांब धरायची बायको. लग्न झाल्यापासून हेच. ती समोर उभी राहून दोन्ही हातांनी खांब धरणार, हा लाकडी घोडीवर चढून घण घालणार. आता घण काही आकाशातून सरळ खाली येत नाही, तो माणसाच्या खांद्यावरून येतो. त्यामुळे खांबाचा शेंडा पलीकडे ढकलला जातो. म्हणून ती खांब आधीच किंचित नवऱ्याच्या बाजूला झुकवून धरायची. घाव बसत गेले की खांब आपोआप सरळ व्हायचा. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एकठोकची रांग ओळंब्यात असते, असं लोक म्हणायचे, आणि हा मिशीला पीळ देत सांगायचा की हाताचं कसब आहे बाबा. कोणाच्या हाताचं, ते मात्र त्यानं कधी सांगितलं नाही.

मग ठेकेदारानं पोकलेन आणलं. त्याच्या लांब हाताला बादलीऐवजी खांब ठोकायचा हातोडा बसवलेला. खांब चिमट्यात धरायचा, वरून धडाधड ठोके, आणि चहा पिऊन होईपर्यंत काम खलास. घोडी नको, घण नको, कोणी खांबाला हात लावायचीही गरज नाही. फक्त एक माणूस खाली पाणसळ घेऊन उभा पाहिजे. चिमट्यातल्या खांबाला पाणसळ लावायची, आतला बुडबुडा मधोमध आला की अंगठा दाखवायचा आणि मागे व्हायचं. अंगठा दिसला की केबिनमधला ड्रायव्हर ठोके सुरू करणार.

जुना ड्रायव्हर सोडून गेला तेव्हा ठेकेदारानं आधी एकठोकलाच बसवून बघितलं, हे सांगायलाच हवं. संधी त्याला मिळाली नाही असं नाही. पण या माणसाला जोराशिवाय दुसरं काही ठाऊक असेल तर शपथ. दांडा असा ओढला की पोकलेनचा हात गर्रकन फिरला आणि पाण्याची टाकी आडवी झाली. खाली उतरून म्हणतो कसा, दांडेच सैल आहेत. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! ठेकेदार वैतागून इकडे तिकडे बघत होता, तेवढ्यात बायको म्हणाली, मी बघू का जरा? आणि बसली की. पहिल्या दिवशी अडखळली, दुसऱ्या दिवशी कमी अडखळली. खांबाची थरथर तळहातांनी ओळखणारी बाई ती, दांड्यातली थरथरही तिला कळायला लागली.

तेव्हापासून एकठोकच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही राहीना. ठेकेदार तिला ‘अहो बाई’ म्हणायचा आणि याला ‘ए एकठोक’. सायटीवर चहा आला की पहिला कप केबिनकडे जायचा. हे एक वेळ चाललं असतं, पण घरी त्याची सख्खी आई! टायरच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत ती दिवसभर दारात बसून असायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगायची, आमची सून एवढं मोठं मशीन चालवते हो. मुलगा इतकी वर्षं घण घालत होता, तेव्हा या माउलीनं कोणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. त्याला हेवा वाटत होता. स्वतःच्या बायकोचा हेवा. बाहेरच्याला निदान शिव्या तरी घालता येतात, इथे तीच भाकरी वाढणार आणि तीच विचारणार, गप्प का आज? तो म्हणायचा, काही नाही. म्हणायचा आणि आतल्या आत जळायचा.

मोठ्या कुरणाचं काम निघालं. ठेकेदारानं स्पष्ट सांगितलं की रस्त्याकडची पहिली रांग बाईंनी करावी, संध्याकाळी मी बघीन. रांग सरळ आली तर सगळं कुरण त्यांचं आणि पोकलेनही कायमचं त्यांच्याकडे. नाही आली तर बाहेरून ड्रायव्हर आणतो, आणि तुम्ही दोघं आपली पहिल्यासारखी बारीकसारीक कामं करा. हे ऐकून तिचा चेहरा असा काही उजळला, की नवऱ्यानं मान फिरवली. पाणसळ या वेळी पहिल्यांदाच त्याच्या हातात होती.

सकाळी पहिला खांब चिमट्यात धरला गेला. एकठोक पलीकडच्या बाजूला, केबिनकडे तोंड करून उभा. त्यानं पाणसळ लावली आणि बघितलं, तर बुडबुडा एका अंगाला. खांब झुकलेला. फार नाही, करंगळीएवढा. आणि झुकलेला कुठे, तर त्याच्याच दिशेला.

त्याला लगेच कळलं. बाई बसली होती काचेच्या केबिनमध्ये, पण हात अजून जुन्याच सवयीचे. समोर नवरा उभा दिसला की खांब त्याच्याकडे झुकवायचा. घण असता तर हा खांब सरळ झाला असता. पण हातोड्याचे ठोके बरोबर डोक्यावर बसतात, ते कशाला सरळ करतायत? जसा धरला तसाच आत जाणार.

एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण त्या क्षणी त्याला काय वाटलं म्हणाल, तर बरं वाटलं. एवढं मशीन चालवते, तरी वळण माझंच! आणि लगेच त्याच्या मागोमाग दुसरा विचार, पडू दे की एकदा तोंडावर. उद्या परत येईल खांब धरायला, माझ्या समोर. त्यानं अंगठा दाखवला.

ठोके पडले. दुसऱ्या खांबाला तेच, तिसऱ्याला तेच. एकदा पाप केलं की पुढचं सोपं जातं म्हणतात, तसं झालं. दुपारनंतर तर तो पाणसळीकडे बघेनासाच झाला, नुसता अंगठा. केबिनमधून ती एकदा हसली सुद्धा. त्यानं बुटाची नाडी बांधायला घेतली.

संध्याकाळी ठेकेदार आला, रांगेच्या टोकाला वाकून एक डोळा मिटून त्यानं बघितलं. सगळी रांग एका बाजूला कललेली, वारा सुटलेल्या गवतासारखी. ती केबिनमधून उतरून आली. तिनं हात खांबावर ठेवला, मग पुढच्या खांबावर, मग त्याच्या पुढच्या. चौथ्या खांबापाशी ती थांबली आणि तिनं नवऱ्याकडे बघितलं. तिला कळायला वेळ लागणार होता थोडाच.

ठेकेदारानं विचारलं, पाणसळीवर कोण होतं?

एकठोकनं पाणसळ पाठीमागे नेली. ती म्हणाली, “पाणसळ माझी मीच बघायला हवी होती. उद्या सगळे उपटून सरळ करून देते. त्याची मजुरी धरू नका.” ठेकेदार म्हणाला, बरं, उद्या संध्याकाळी परत बघतो.

घरी जेवताना आई कौतुक ऐकायला टपून बसलेली. सुनेनं सांगितलं की थोडं राहिलंय, उद्या होईल. ताटं उचलून झाली, आई बाहेर गेली, तेव्हा एकठोक म्हणाला की उजेड डोळ्यांवर येत होता, मला नीट दिसलं नाही. खोटं बोलायचं तर निदान बरं तरी बोलावं. ती भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला.

“तुमचा घण डोक्यावरून यायचा, तेव्हा मी कधी वर बघितलं नाही,” ती म्हणाली. “आज तुम्ही अंगठा दाखवत होता, तर मी खाली बघितलं नाही. तेवढंच चुकलं माझं.”

ती रागावली असती तर तो भांडला असता. त्याची भांडायची तयारी होती. पण तिनं नळ सोडला आणि पुढचं भांडं घेतलं.

दुसऱ्या दिवशी खांब उपटले आणि परत ठोकायला घेतले. त्याला वाटलं होतं की बायको पाणसळ दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देईल. तिनं ती त्याच्याच हातात दिली. पहिला खांब चिमट्यात आला. त्यानं बुडबुडा जिवाच्या आकांतानं मधोमध आणवला, इकडे घे, तिकडे घे असं हातानं सांगत. मग अंगठा वर केला. ठोके पडले नाहीत. केबिनचं दार उघडलं. ती शिडीवरून खाली उतरली, त्याच्या हातातली पाणसळ घेतली, खांबाला लावून दोन्ही बाजूंनी स्वतः बघितलं आणि परत वर चढली. मगच हातोडा चालला.

प्रत्येक खांबाला असंच. तो अंगठा दाखवायचा आणि ती उतरायची. उन्हात तिचे गुडघे दुखायला लागले, तरी उतरायची. संध्याकाळी ठेकेदारानं एक डोळा मिटून बघितलं, खूश झाला आणि सगळं कुरण तिला देऊन टाकलं. एकठोकच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, नशीबवान आहेस लेका.

एकठोक हसला. पण दिवसभर त्याला ठेकेदाराचा हेवा वाटला नव्हता, मशीनचा नाही, तिचाही नाही. काचेच्या बोटभर नळीतल्या त्या बुडबुड्याकडे ती ज्या विश्वासानं बघत होती, तेवढं मात्र त्याला बघवत नव्हतं.